बंकर तीनची हजेरी

चौकीवर आम्ही एकोणीस माणसं होतो आणि एक ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर माझा. जबलपूरच्या गुरंदी बाजारात दोन तास भांडून घेतलेला. दुकानदाराने शेवटी हात जोडले आणि चामड्याची पिशवी वरून फुकट दिली.

मी विठ्ठल बोरकर, बटालियनच्या सिग्नल प्लाटूनचा हवालदार. वडील जबलपुरातल्या संरक्षण कारखान्यात फिटर होते. घरात मराठी, गल्लीत हिंदी, असा वाढलो. जे मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं, कोणी ताटात वाढलं नाही. चौकीचं नाव आणि सेक्टर लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

त्या चौकीवरच्या एका रविवारबद्दल सरकारी कागदात एक वाक्य आहे: 'बंकर क्रमांक तीनच्या संतरीला शत्रूने बेसावध गाठले, त्याच्याकडून कोणतीही पूर्वसूचना मिळाली नाही.' हे वाक्य खोटं आहे. ते खोटं असल्याचं आज दोन जिवंत माणसांना माहीत आहे. त्यातला एक मी. तो संतरी म्हणजे नायक सुखराम धुर्वे, कुंडम तहसिलातल्या एका गावचा, म्हणजे माझ्याच जिल्ह्यातला. त्याच्या गावात आता त्याच्या नावाचं स्वागतद्वार उभं राहायचं आहे आणि ते या वाक्यावर अडलं आहे. म्हणून लिहितो.

चौकीवर चार बंकर होते. एक नंबर माझा आणि पोस्ट कमांडर सुभेदार हरबंस साहेबांचा. तिथे रेडिओ सेट आणि टेलिफोनचा छोटा एक्स्चेंज होता. दोन नंबर डावीकडे खाली. तीन नंबर सगळ्यात पुढे, नाल्याच्या तोंडावर, माझ्यापासून साठ पावलं. चार नंबर मागे, लंगरला म्हणजे स्वयंपाकघराला लागून. चारही बंकरांत आणि लंगरमध्ये एकेक फील्ड टेलिफोन होता. नोव्हेंबर सुरू होता. पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपलं नाही तर सकाळी तिचा दगड झालेला असे.

थंडीत घड्याळं मागे पडायची. चार बंकरांत चार वेळा. पहारे बदलण्यावरून रोज भांडण. पहिल्याच आठवड्यात मी ट्रान्झिस्टरच्या स्पीकरला दोन तारा जोडल्या, त्यांना क्लिपा लावल्या आणि क्लिपा एक्स्चेंजला चिकटवल्या. दिल्लीचं राष्ट्रीय प्रसारण पाचही टेलिफोनवर वाजू लागलं. लंगरवाल्यांनी रिसीव्हर ॲल्युमिनियमच्या डेगचीत ठेवला. आवाज दुप्पट झाला.

सुभेदार साहेबांनी तारा पाहिल्या. "ये क्या नौटंकी है, बोरकर?"

"साहेब, घड्याळं चार आहेत, रेडिओ एक आहे. प्रत्येक बातम्यांच्या आधी टिकटिक होते. टिकटिक झाली की क्लिपा काढतो, सगळे घड्याळ लावतील आणि नंबराने हजेरी देतील. दिवसात पाच वेळा चौकीची नाडी तुमच्या हातात."

"और गाना?"

"गाणं वरकड. त्याचे वेगळे घेत नाही."

साहेब हसले नाहीत, पण तारा राहिल्या. बातम्यांना क्लिपा काढायच्या, ही त्यांची अट. दुसरा नियम माझा: गाणं चालू असताना कोणी रिसीव्हरचं बटण दाबून बोलायचं नाही. एक जण बोलला की पाचही ठिकाणी गाण्याचा सत्यानाश व्हायचा, मग शिव्या, मग माझ्याकडे तक्रारी. हा नियम मी केला, मी बजावला. हे ध्यानात ठेवा.

तिसरा नियम वरून आला. एका संतरीने धुक्यात रानबकरीवर अर्धं मॅगझिन रिकामं केलं. कंपनी हेडक्वार्टरने सुभेदार साहेबांना सेटवर सोलून काढलं. तेव्हापासून हुकूम असा: हालचाल दिसली तर आधी टेलिफोनवर सांगा, परवानगी मिळाल्यावर गोळी.

धुर्वे तीन नंबरचा. एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, त्याची. बोलायला कमी, ऐकायला पक्का. बोलायचा हिंदीत, मी इथे बरंच मराठीत लिहिलंय; माझ्याकडून त्याने मराठीचा एकच शब्द उचलला होता, 'काहून', म्हणजे 'का'. तो कुठेही वापरायचा. चहा दिला तरी काहून, नाही दिला तरी काहून. सुभेदार साहेबांनी एकदा त्याला विचारलं, दाढी का नाही केली. हा सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "साब, काहून?" साहेबांना वाटलं त्याच्या घरच्या गोंडी बोलीत माफी मागतोय. सोडून दिलं.

दोन महिन्यांपूर्वी मी दिल्लीला जवानांच्या फर्माईशीच्या कार्यक्रमाला पत्र टाकलं होतं. एकोणीस नावं आणि एक गाणं. त्या आठवड्यात रसदीबरोबर उत्तराचं कार्ड आलं. रविवारी दुपारी एक दहाच्या कार्यक्रमात आमची नावं येणार होती. कार्ड लंगरच्या भिंतीवर खिळ्याला लागलं. चौकीवर तीन दिवस दुसरं बोलणं नव्हतं.

अडचण सेलची होती. माझे सेल उतरले होते, आवाज नाकातून येत होता. नवे सेल होते लान्स नायक तोमरकडे. घरून आलेले चार, पेटीत कुलपात. आणि रविवारी तेरा ते पंधरा, म्हणजे दुपारी एक ते तीन, तीन नंबरवर पहारा तोमरचाच होता.

"सेल दे," मी म्हणालो.

"मला काय?"

"रविवारी दुपारी लंगरमध्ये, सगळ्यांबरोबर. डेगचीच्या शेजारी. तुझा पहारा दुसरा करेल."

"दुसरा कोण? तुझा काका?"

"तुला काय करायचंय? सेल काढ."

मी धुर्वेकडे गेलो. तो म्हणाला, सगळे एकत्र ऐकणार आणि मी नाल्याकडे तोंड करून? मी म्हटलं, तुझ्या बंकरमध्येही टेलिफोन आहे, तुलाही येईल. तो म्हणाला, मग मला काय? मी म्हटलं, पत्रात पहिलं नाव तुझं आहे.

"सुभेदार साब से पहले?"

"सुभेदारांच्याही आधी. मी लिहिलंय ते."

हे खरं होतं. पत्र लिहिताना मी त्याच्याच बंकरमध्ये बसलो होतो आणि समोर तो होता म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली होती. पण मी ते मेहेरबानीसारखं विकलं. तो खूश झाला. सौदा तिघांत झाला. सुभेदार साहेबांना अदलाबदल सांगितली, त्यांनी मान हलवली.

रविवार. ०५:५० ला स्टँड-टू, सगळे हत्यार घेऊन आपापल्या जागी. धुकं इतकं की बंकरच्या भोकातून पुढची काटेरी तारही दिसत नव्हती. ०५:५५ ला ट्रान्झिस्टर चालू केला. धून, मग वंदना. सहाला टिकटिक. क्लिपा काढल्या.

"एक ठीक. दोन?"

"दो ठीक." दोन नंबरवर सिपाही कैलाश आणि सिपाही इरफान होते.

"तीन ठीक."

"चार ठीक."

०६:४५ ला शेतीवर भाषण. मटाराला पहिलं पाणी कधी द्यावं. नव्या सेलमुळे आवाज ताशासारखा. भाषणाला बोलायची बंदी नव्हती, बंदी फक्त गाण्याला. धुर्वेने बटण दाबलं.

"भैया, हे साहेब कधी कुंडमला आले होते का?"

"का?"

"कुंडमचा मटार यांच्या सल्ल्याने पिकत नाही. बाईच्या शिव्यांनी पिकतो. माझी बायको शेतात उभी राहून देते."

डेगचीतून सगळं लंगर हसलं. आठच्या बातम्यांना हजेरी, सगळे ठीक. सव्वानऊला मुलांसाठी गोष्ट होती, कोल्ह्याची. सुभेदार हरबंस साहेबांनी ती पूर्ण ऐकली, दाढीचा ब्रश हातात धरून. अकराला नाटक. सासरा जावयाकडे राहायला येतो आणि जात नाही. साडेबाराला सरोद. लांगरीने डब्याच्या दुधाची खीर चढवली. तेराला टिकटिक.

"एक ठीक. दोन?"

"दो ठीक."

"तीन?"

"तीन ठीक. धुकं नाल्यात भरलंय. दहा पावलं दिसतं."

"चार ठीक. खीर भी ठीक."

१३:०५ ला बातम्या संपत आल्या. मी क्लिपा परत लावल्या. १३:१० ला कार्यक्रम सुरू झाला. निवेदिकेचा आवाज आला, पहिलं गाणं झालं, दुसऱ्या कुठल्या तरी युनिटची नावं झाली. लंगरमध्ये अकरा माणसं डेगचीभोवती होती. सुभेदार साहेब माझ्या बंकरच्या दाराशी, बुटांची लेस बांधत. दुसरं गाणं चालू झालं. त्यानंतर आमचं.

१३:१७ ला रिसीव्हरवर बटण दाबल्याची खुट् झाली. गाण्यावरून धुर्वेचा आवाज.

"तीन. नाल्यात हालचाल आहे. दोन जागी. गोळी चालवू?"

आवाज स्पष्ट होता. चुकीचं ऐकलं असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. मी रिसीव्हर उचलला आणि म्हणालो, "चूप बैस बे. नाव येऊन राहिलं. दोन मिनिटं."

लंगरमध्ये आणि चार नंबरमध्ये बाकीचे गाण्यावर ताल धरून ओरडत होते, त्यांना ते कळलं नाही; डेगचीला चिकटलेला तोमर मात्र बोलला. हसत. "अरे धुर्वे, बकरी को भी गाना सुनने दे."

धुर्वे म्हणाला, "दोन जागी आहे, भैया."

मी दाराशी बसलेल्या साहेबांना हाक मारली नाही. तो नंतर बोलला नाही. परवानगी नव्हती. त्याने हुकूम पाळला.

१३:१९ ला दोन नंबरवर लागोपाठ दोन ग्रेनेड फुटले. बंकरचं छत उचललं आणि बसलं. त्या आवाजाच्या आतच तीन नंबरची एलएमजी सुरू झाली. मी क्लिपा ओढून फेकल्या. सुभेदार साहेब एका बुटाची लेस सुटलेली तसेच बाहेर गेले.

ते दोन टोळ्यांनी आले होते. एक दोन नंबरच्या खालून, दुसरी नाल्यातून. नाल्यातली टोळी मोठी होती. ती वर आली असती तर लंगरमधली अकरा माणसं चमचा हातात असताना कापली गेली असती. ती वर आली नाही, कारण वाटेत तीन नंबर होता. हे मी नंतर शांतपणे नकाशावर पाहून लिहितोय. तेव्हा फक्त धूर, ओरडणं आणि बंकरच्या भोकातून आत येणारी माती होती.

कंपनीला सेटवर पकडलं. बोलत असताना मागे फळीवर ट्रान्झिस्टर चालूच होता. बंद करायला हात मोकळा नव्हता. १३:२२ ला निवेदिकेने आमची नावं वाचली. पहिलं नाव, नायक सुखराम धुर्वे. मग सुभेदार हरबंस. मग बाकीचे. कैलाश आणि इरफान तेव्हा तीन मिनिटांपूर्वी मेलेले होते. तिने दोघांची नावं हसऱ्या आवाजात घेतली आणि गाणं लावलं.

१३:३५ च्या सुमारास दोन नंबरकडच्या खंदकातून एक जण माझ्या बंकरच्या तोंडाशी आला. मी कार्बाइन चालवली, दोन गोळ्या गेल्या आणि जाम झाली. तो आत घसरला. पाय माझ्या एक्स्चेंजवर पडला. कोपऱ्यात बेलचा, खंदक खणायचं फावडं, होता. मी त्याच्या मानेवर मारला, मग तोंडावर, तो हलायचा थांबेपर्यंत. त्याची एक गोळी माझ्या डाव्या पंजातून गेली. दोन बोटं गेली. एक्स्चेंज वाचला का, हे मी हाताच्या आधी पाहिलं. वाचला होता.

१३:४० ला सुभेदार साहेब त्याच खंदकात पडले. छातीत तीन. त्यांनी दोन नंबरकडून येणारे चार जण थांबवले होते. तोमर आणि लांगरी त्यांना ओढत माझ्या बंकरपर्यंत घेऊन आले. साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "हाजिरी?" आणि गेले.

नाल्यावर मॉर्टर हवा होता. कंपनी, सेटवरचं नाव टायगर, म्हणत होती धुकं आहे, पाहणारं कोणी नाही, आंधळे गोळे टाकणार नाही.

"टायगर, पाहणारा आहे. तीन नंबर पाहतोय. ओव्हर."

"किती राउंड? ओव्हर."

"वीस. ओव्हर."

"वेडा झालास? तुमच्या बंकरपासून साठ मीटर आहे. चार मिळतील. ओव्हर."

"साहेब, चारमध्ये नाला भिजणार नाही. पंधरा. ओव्हर."

"सहा. ओव्हर."

"साहेब, माझ्या मांडीवर सुभेदार साहेब मेलेले आहेत आणि मी भाव करून राहिलोय. दहा द्या आणि आत्ता द्या. ओव्हर."

"दहा. तीन नंबरला डोकं खाली ठेवायला सांग. आउट."

मी हँडल फिरवून तीन नंबरला लावलं. धुर्वेने उचललं.

"दहा येत आहेत. सांग कुठे."

"पहला डालो, फिर बताता हूँ."

पहिला दूर गेला. तो म्हणाला, "पन्नास मागे." मी सेटवर पन्नास सांगितले. दुसरा पडला. "अजून वीस." मी म्हटलं, वीसमध्ये तूही येतोस. "वीस," तो म्हणाला. मी वीस सांगितले. उरलेले आठही त्याने तसेच पाडून घेतले, एकेक, शब्द न वाढवता. नाल्यातून आवाज येत होते, ते एकेक करून कमी झाले.

चौदाला ट्रान्झिस्टरवर टिकटिक झाली. सवयीने हात रिसीव्हरवर गेला.

"एक ठीक. दोन?"

काही नाही. ठाऊक असून विचारलं.

"तीन?"

वेळ लागला. मग, "तीन... ठीक है. काहून पूछ रहे हो?"

त्याचा श्वास ओला येत होता. मी विचारलं, कुठे लागलंय. तो म्हणाला पोटात, बांधलंय. मी म्हटलं, मी येतो. तो म्हणाला, खंदक दिसतोय त्यांना, येऊ नको, मॅगझिन आहेत अजून. मग त्याने विचारलं, "भैया, नाम आया था?"

क्लिपा काढल्यावर त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं.

"आलं."

"पहला?"

"पहिलं. सुभेदार साहेबांच्या आधी."

"झूठ."

"आईशप्पथ."

तो काही तरी बोलला, गोंडीत. मला समजलं नाही. मग एलएमजी परत सुरू झाली.

चौदा दहाला मी खंदकात सरपटत निघालो. वीस पावलं गेलो आणि दोन्ही बाजूंनी गोळ्या येऊ लागल्या. परत आलो. चौदा तीसला तोमर निघाला, तोही परत आला. हे त्याच्या बाजूने लिहितो, कारण खरं आहे. पंधराला टिकटिक झाली.

"तीन?"

नाही.

"तीन?"

ट्रान्झिस्टरवर कोणी तरी वृद्धांच्या आहाराबद्दल बोलत होतं. तेव्हा मी तो बंद केला.

१५:२० ला कंपनीची तुकडी पोचली. धुर्वे एलएमजीवर पालथा होता. सगळी मॅगझिन रिकामी. पोटाला बांधलेली पट्टी रक्ताने गोठून शर्टाला चिकटली होती. रिसीव्हर त्याने खांदा आणि कान यांच्यामध्ये चेपून धरला होता, दोन्ही हात बंदुकीला मोकळे राहावेत म्हणून. सोडवायला दोन माणसं लागली. समोर नाल्यात नऊ प्रेतं होती. सर्वात जवळचं त्याच्या भोकापासून चार पावलांवर.

तीन आठवड्यांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसलं. दुसऱ्या युनिटचे एक मेजर साहेब, एक टायपिस्ट क्लार्क. माझा हात गळ्यात होता. मी सगळं सांगितलं. १३:१७, हालचाल, दोन जागी, मी म्हणालो चूप. मेजर साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"ऑपरेशनल लाइनवर गाणं कोणी लावलं?"

"मी. सुभेदार साहेबांच्या परवानगीने."

"सुभेदार मेला आहे आणि त्याचं नाव वरच्या पदकासाठी चाललंय. त्याने लाइनवर गाणं वाजू दिलं, हे लिहू?"

त्यांनी पेन परत उचललं.

"आणि तो इशारा दुसऱ्या कोणी ऐकला?"

"तोमरने."

तोमरला बोलावलं. तो सावधानमध्ये, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "नहीं सुना, साब."

मेजर साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला जास्त खुपतं. वाईट असते तर मी भांडून उठलो असतो. ते समजावून सांगू लागले. गाणं लिहिलं तर इशारा लिहिता येतो. गाणं काढलं तर इशाराही निघतो. दोन्ही एकाच तारेवर आहेत. गाणं लिहिलं तर सुभेदाराचं पदक जाईल, चौकशी वर्षभर लांबेल, चार विधवांचे कागद अडकतील, तुझा कोर्ट मार्शल होईल. काय म्हणतोस?

मी भाव केला. दुसरं काय करणार, मला तेच येतं. मी म्हटलं, धुर्वेच्या नावापुढे 'निष्काळजी' हा शब्द नको. ते म्हणाले ठीक. मी म्हटलं, त्याच्या बायकोला पूर्ण पेन्शन, लढाईत मेला म्हणून. ते म्हणाले ठीक. मी म्हटलं, मॉर्टर त्याने पाडून घेतला ते लिहा. ते म्हणाले, टेलिफोनवरचं काही लिहायचं नाही असं ठरलं ना? सेटवर तुझा आवाज होता. तुझ्या नावावर लागेल. मी सही केली. उजव्या हाताने, तो शाबूत होता.

बाहेर आल्यावर मी तोमरला व्हरांड्यात मारलं. दात पडला. त्यासाठी माझी ठरलेली नायब सुभेदारी गेली आणि चौदा दिवस क्वार्टर गार्डच्या कोठडीत बसलो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मॉर्टर फायरला अचूक दिशा दिल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते पेटीत आहे, उलटं ठेवलेलं.

पेन्शनीत आलो. जबलपुरात लिलावातलं जुनं सामान घेऊन विकण्याचा धंदा केला, चालला. दुकानात दिवसभर रेडिओ लावतो. दर तासाला टिकटिक झाली की डावा हात उठतो. गिऱ्हाइकांना वाटतं घड्याळ बघतोय.

या वर्षी धुर्वेची मुलगी दुकानात आली. सरिता, कुंडमला शाळेत शिकवते. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. चहा घेतला नाही. म्हणाली, ग्रामसभेत एकाने कुठून तरी तो कागद आणला आणि 'बेसावध'वाली ओळ वाचून दाखवली. झोपलेल्या संतरीच्या नावाचं द्वार कसं बांधायचं, असं विचारलं.

"अंकल जी, पापा सो गए थे क्या?"

मी तिच्यावर ओरडलो. कोण म्हणतो, नाव सांग, आत्ता जातो. ती म्हणाली, "काका, नाव नको. हो की नाही, तेवढं सांगा." काका हा शब्द ती मराठी माणसाकडे आली म्हणून वापरत होती. मी म्हटलं, ग्रामसभेत येऊन सांगतो, आणि दुकान बंद केलं.

त्याच संध्याकाळी तोमरला फोन केला. त्याने ओळखलं. म्हणाला, "बोरकर, मला तर फक्त गाणं आठवतं. चांगलं होतं." आणि ठेवून दिला.

ग्रामसभा मंगळवारी सकाळी होती, शाळेच्या अंगणात. धुर्वेची बायको बायकांत मागे बसली होती. मी उभा राहून वर लिहिलं आहे ते सगळं बोललो, हिंदीत. हरबंस साहेबांचं नावही घेतलं. त्यांच्या मुलाला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, बापूजींच्या छातीतल्या गोळ्या गाण्याने कमी होत नाहीत, बोला.

तो कागद आणणारा गृहस्थ, चष्मेवाला, पुढे बसला होता. म्हणाला, "म्हणजे चूक तुमची."

"हो. माझी. लिहून घ्या."

"मग इतकी वर्षं चूप का होता?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणासमोर भाव करायला काही नव्हतं. मागून धुर्वेची बायको उठली. तिने विचारलं, त्याचं नाव रेडिओवर खरंच आलं होतं का. मी म्हटलं, आलं होतं. पहिलं. ती म्हणाली, "काहून नहीं बताया कभी?" तो शब्द सुट्टीत तो घरी घेऊन गेला होता.

सरपंच म्हणाले, लेखी द्या, तारीख आणि सहीसकट, बाकी आम्ही बघतो. हे ते लेखी आहे. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक रेजिमेंटला. प्रशस्तिपत्र सोबत जोडलं आहे. ते माझं नाही.

त्या दिवशी चौकीवर चार माणसं कामी आली. सिपाही कैलाश, बंकर दोन, शेवटची हजेरी तेरा वाजता, ठीक. सिपाही इरफान, बंकर दोन, त्याच्याबरोबर. सुभेदार हरबंस, बंकर एक, १३:४० ला शेवटचा शब्द हजेरीचा. नायक सुखराम धुर्वे, बंकर तीन. चौदाच्या हजेरीला ठीक. १३:१७ ला त्याने इशारा दिला होता. तो स्पष्ट होता. मी ऐकला.